नाकाबंदी आणि नमुन्याचा प्रवास



आपल्या सिहोऱ्यापासून बपेऱ्याचा नाका काही दूर नाही. पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो आणि राज्यही बदलते. पण ही सीमा किती जुनी, असा प्रश्न मी कोणास केला तर उत्तर देण्यापूर्वी बहुतेकांस थोडे थांबावे लागेल. बालाघाट जिल्हा १८६७ साली बनला तोच मुळी शिवनी, मंडला व भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी होती नागपूर. त्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी मात्र राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने तुटत नसतात. आजही इकडची मुलगी तिकडे दिलेली असते, तिकडची माणसे रोवणीला इकडे येतात. उन्हाळ्यात बावनथडीचे पात्र उघडे पडले म्हणजे नकाशावरची ती रेघ कोठून जाते हे ओळखणेही कठीण.

मार्च २०२० मध्ये ही रेघ एकाएकी भिंत झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. सीमा बंद करण्यात काही अर्थ असतो की नाही, आणि असला तर तो कशावर अवलंबून असतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

साथ आली की वेस बंद करावी, ही कल्पना फार जुनी आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्यांस तीस दिवस गावाबाहेर राहावयास लावले. पुढे तीसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतील त्या चाळिसावरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द निघाला. या व्यवस्थेचे मर्म लक्षात घ्या. रागुसाच्या लोकांपाशी रोग ओळखण्याचे कोणतेच साधन नव्हते. म्हणून त्यांनी काळालाच परीक्षक नेमले. तीस दिवसांत जो आजारी पडला नाही तो निरोगी.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातील रोगी पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरात त्याचे निदान केले, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. २०२० साली जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमांत ज्या कायद्याचा हवाला होता, तो हाच. त्या काळी रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंना उतरवून डॉक्टर काखेत नि जांघेत गाठ आहे का हे चाचपीत. तपासणी ओबडधोबड, आणि पुष्कळदा माणसाची अब्रू न राखणारी. पण निकाल जागच्या जागी मिळे. गंमत अशी की, जो खरा गुन्हेगार तो या तपासणीत सापडतच नव्हता. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविले की, प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरील पिसवेने. माणसांना अडवून गाठी चाचपल्या जात होत्या, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर खुशाल पुढे जात होते!

२०२० साली स्थिती नेमकी उलटी झाली. विषाणू माणसाबरोबरच जात होता, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो ओळखण्याची परीक्षाही अत्यंत सूक्ष्म होती. पण निकाल नाक्यावर मिळत नव्हता.

ही परीक्षा, म्हणजे आर.टी.-पी.सी.आर., चालते कशी? नाकातून व घशातून काडीने स्राव घेतात, ती काडी विशिष्ट द्रवाच्या नळीत बुडवून बर्फाच्या पेटीत ठेवतात. प्रयोगशाळेत त्यातून विषाणूचे जनुकद्रव्य वेगळे काढतात, त्याचे रूपांतर दुसऱ्या, अधिक टिकाऊ द्रव्यात करतात आणि मग यंत्रात त्याच्या प्रती काढीत जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशी सुमारे चाळीस आवर्तने. एक दाणा तीस वेळा दुप्पट केला तर शंभर कोटींवर जातो. तेव्हा मूळ अंश किती का क्षुद्र असेना, तो दिसू लागतो. या सगळ्याला यंत्रावर काही तास पुरतात. मग अहवालाला चार-चार दिवस का लागत?

कारण वेळ यंत्रात जात नव्हता, रस्त्यात आणि रांगेत जात होता. मार्च २०२० च्या आरंभी ही तपासणी करणारी सरकारी ठिकाणे अख्ख्या महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याजोगी: पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, मुंबईचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आपण अजून ‘मेयो’च म्हणतो. भंडाऱ्याचे नमुने नागपुरास जात. आपल्या भागातल्या माणसाची काडी आधी तुमसर, मग भंडारा, तेथून साठ किलोमीटरवर नागपूर, आणि तेथे विदर्भभरच्या नळ्यांच्या मागे उभी.

रांगेचे गणित मोठे दगलबाज असते. समजा, एका प्रयोगशाळेची ताकद रोज दोनशे नमुन्यांची आहे आणि येतात अडीचशे. तूट पन्नासाचीच, फारशी वाटत नाही. पण दहा दिवसांत पाचशे नमुने तुंबतात, म्हणजे अकराव्या दिवशी येणाऱ्याला अडीच दिवस नुसते थांबावे लागते. यावर एक तोड होती. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकदाच तपासावयाचे. निकाल निर्दोष आला तर पाचही सुटले, दोष दिसला तरच एकेक तपासावयाचा. रॉबर्ट डॉर्फमन या अर्थशास्त्रज्ञाने ही युक्ती १९४३ साली सैन्यभरतीतल्या रक्ततपासणीसाठी सुचविली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये, जेथे रोग विरळ आहे अशा भागांसाठी, तिला संमती दिली. रोग दाट झाला की ती निरुपयोगी होते, कारण मग जवळजवळ प्रत्येक गठ्ठा पुन्हा सोडवावा लागतो.

उशिराने नुसती गैरसोय झाली असती तर ती सोसता आली असती. पण अहवाल हा छायाचित्रासारखा असतो. तो काडी घातली त्या घटकेचे सांगतो, अहवाल हाती पडला त्या दिवसाचे नव्हे. या रोगात संसर्गापासून लक्षणांपर्यंत साधारण पाच दिवस जातात, कधी चौदाही, आणि लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांस रोग देऊ शकतो. शाळेच्या एका खोलीत दहा जणांना ठेवले, सोमवारी सर्वांचे नमुने घेतले, मंगळवारी एकापासून दुसऱ्याला लागण झाली. शुक्रवारी त्या दुसऱ्याचा अहवाल ‘निर्दोष’ म्हणून येतो नि तो घरी जातो. अहवाल खोटा नसतो, शिळा असतो.

जून २०२० मध्ये ‘अँटिजन’ तपासणीला मान्यता मिळाली. ती अर्ध्या तासात निकाल देई, पण तपासणीच्या कसोटीत ती शंभर बाधितांपैकी पन्नास ते चौऱ्यांशी जणांनाच ओळखी. नाक्यावर यांतले काय बरे? माझे मत असे की, ज्याला लक्षणे आहेत त्याच्यासाठी सूक्ष्म तपासणीच हवी. पण चालत्या गर्दीतून सर्वांत अधिक रोग पसरविणारा माणूस वेचून काढावयाचा असेल तर आजचा अर्धवट निकाल चार दिवसांनंतरच्या अचूक निकालापेक्षा अधिक कामाचा.

नियम करणाऱ्यांनी वेळेचा हिशेब अगदीच केला नाही असे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात व गोवा येथून विमानाने येणाऱ्यांकडे बहात्तर तासांच्या आतला अहवाल मागितला; रेल्वेने येणाऱ्यांस शहाण्णव तासांची मुदत दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने हीच अट आपल्याला घातली, आणि २० मार्च २०२१ पासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राशी असलेली बसवाहतूकच थांबविली. ज्या शहरात सकाळी काडी नि संध्याकाळी कागद मिळतो, तेथल्या माणसाला बहात्तर तास भरपूर. ज्या खेड्याचा नमुना तीन दिवस फिरतो, त्याचा अहवाल हाती येतो तोच मुदत संपवून. नियम दोघांस एकच, आणि त्याचा भार मात्र सारा एकावर.

बंद सीमेची किंमत कोणी दिली, हेही येथे सांगितले पाहिजे. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली सोळा मजूर चिरडले गेले. ते आपल्या शेजारच्याच मध्य प्रदेशचे, शहडोल व उमरिया या जिल्ह्यांतले. जालन्याच्या कारखान्यातले काम बंद पडले होते. गाडी मिळेल या आशेने ते भुसावळकडे रुळांवरून पायी निघाले होते नि थकून रुळांवरच झोपी गेले. त्यांना रोग होता की नाही, हा प्रश्न त्या रात्री कोणाच्याही पुढे नव्हता. त्यांना हवी होती एक तपासणी, एक परवाना आणि एक गाडी. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरलेल्या होत्या.