रडारला दुचाकी दिसते का?

मोटारीचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा रस्त्यावर दुहेरी नजर ठेवते. पुढच्या काचेमागचा कॅमेरा समोरच्या आकृतीचे रूप ओळखतो. बंपरमागचे रडार साधारण 77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते आणि परतणाऱ्या लहरींवरून अंतर व वेग काढते. टक्कर होणार असे दिसले की आधी इशारा वाजतो. चालक तरीही ढिम्म राहिला, तर ब्रेक लागतो.

समोर ट्रक असेल तर हे सोपे आहे. पत्र्याचा रुंद पाठभाग लहरी भरपूर परतवतो. मोटारसायकल मात्र अरुंद, म्हणून परतणाऱ्या लहरी क्षीण. त्यात स्वार खड्डे चुकवत लेनच्या कडेने जाणारा, आणि रात्री कॅमेऱ्याला दिसतो तो एकच लाल ठिपका. दुचाकी नजरेतून सुटण्याची ही चूक नवी नाही. लहान दिसणारी वस्तू लांब आहे, असे माणसाचा डोळाही धरून चालतो. लॉस एंजेलिसमधल्या अपघातांवरच्या हॅरी हर्ट यांच्या 1981च्या अहवालात मोटारसायकल आणि इतर वाहनांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरी समोरच्या वाहनाने मोटारसायकलची वाट अडवल्याने झाल्या होत्या.

यंत्राची परीक्षा घेणाऱ्यांनाही दुचाकी उशिराच आठवली. मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2023मध्ये मोटारसायकलस्वार चाचणीत आणला. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने 2024मध्ये ताशी 50, 60 आणि 70 किलोमीटर वेगांवर नवी चाचणी घेतली. त्यात मोटारीबरोबर मोटारसायकलची प्रतिकृतीही होती. दहा छोट्या एसयूव्हींपैकी सर्वोच्च श्रेणी मिळाली ती एकट्या सुबारू फॉरेस्टरला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले, पण त्या नियमाच्या चाचण्यांत आहेत मोटारी आणि पादचारी, मोटारसायकल नाही.

भारतात ही उणीव अधिक महागात पडते. 2022मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, त्यांत 44.5 टक्के दुचाकीवरची होती. 125 सीसीवरच्या दुचाकींना 2019पासून ब्रेक लावताना चाक अडकू न देणारे एबीएस सक्तीचे झाले, पण ते स्वाराच्या स्वतःच्या ब्रेकपुरते. मागून येणारी मोटार त्याला ओळखते की नाही, हा प्रश्न वेगळाच आहे.

‘एडास’ची, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणांची मोटार घेताना ती दुचाकीसाठी ब्रेक लावते का, कोणत्या वेगापर्यंत आणि रात्रीही का, हे शोरूममध्ये विचारावे आणि मालक-पुस्तिकेत ताडून पाहावे. दुचाकीवाल्याने निघण्यापूर्वी मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांवरचा चिखल पुसावा.