मारणे की आवरणे? भाजीपाल्यातील सूत्रकृमी आणि जैविक कीडनाशके

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने सूत्रकृमींवर काय बोलायचं? पण आपण या मालेत कार्यकारणभावाचा विचार करत आहोत, आणि तो शेतात जितका रोकडा भेटतो तितका ग्रंथात भेटत नाही. इथे अनुमान चुकलं तर मार्क जात नाहीत, पीक जातं.

न्यायदर्शनातलं धुराचं आणि अग्नीचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. आता टोमॅटोचा प्लॉट घ्या. दुपारी झाडं माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. आपण लगेच म्हणतो, पाणी कमी पडलं. पण कोमेजणं हे पाण्याच्या कमतरतेचं एकट्याचं लक्षण नव्हे. मर रोगातही झाड कोमेजतं, सूत्रकृमींमुळेही कोमेजतं. जो हेतू अनेक ठिकाणी आढळतो त्यावरून एकच निष्कर्ष काढणं, याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. या हेत्वाभासापायी आपण पाणी वाढवतो, खत वाढवतो, खर्च वाढतो. रोग तसाच राहतो.

मग प्रत्यक्ष प्रमाणाकडे जायचं. झाड हिसडून उपटायचं नाही, बारीक मुळं तुटून मातीतच राहतात. खुरप्याने माती सैल करून काढायचं, मुळं पाण्यात धुवायची. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर शंका नको. फक्त कडधान्यांच्या मुळांवरच्या रायझोबियमच्या गाठींशी घोळ करू नका. त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्या की सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही.

या गाठींची पहिली नोंद इंग्लंडमध्ये 1855 साली बर्कले यांनी केली, काचघरातल्या काकडीच्या मुळांवर. आज आपल्याकडे पॉलिहाउसमधल्या काकडीला आणि ढोबळी मिरचीला हीच कीड छळते, हे ध्यानात घ्या. उबदार, ओलसर जागा आणि वर्षानुवर्षं तेच पीक, असं तिला हवं ते सगळं तिथे मिळतं.

गाठीच्या आत काय चालतं? अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. ते मातीतल्या ओलीतून सरकत कोवळ्या मुळाच्या टोकातून आत शिरतं आणि तिथेच ठाण मांडतं. आसपासच्या पेशींना फुगवून त्यातून अन्न शोषतं. माती उबदार असली की 25 ते 30 दिवसांत त्याची मादी होते आणि चिकट पुंजक्यात तीन-चारशे अंडी घालते. आपल्याकडच्या मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या प्रमुख जातीला प्रजननासाठी नराची गरजही लागत नाही.

हा शत्रू मारण्याचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. डीबीसीपी नावाचं धुरीचं औषध अमेरिकेत सर्रास वापरलं जाई. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांमध्ये त्यामुळे वंध्यत्व आल्याचं उघडकीस आलं आणि 1979 मध्ये त्यावर जवळपास संपूर्ण बंदी आली. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार शेतीतून काढलं गेलं. आपल्याकडचं दाणेदार फोरेट 2020च्या अखेरीस बंद झालं. आजही रासायनिक सूत्रकृमीनाशकं मिळतात, पण 'मारून टाका आणि विसरा' ही वाट अरुंद होत चालली आहे.

दुसरी वाट पेरूमध्ये सापडली. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संशोधकांना सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढणारी एक बुरशी दिसली. 1979 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तीच पॅसिलोमायसिस, 2011 पासून शास्त्रीय नाव पर्प्युरिओसिलियम लिलासिनम. बाजारातल्या पुड्यांवर अजून जुनं नाव दिसतं, गोंधळू नका. ही बुरशी अंड्याचं कवच भेदून आत शिरते. पोकोनिया ही दुसरी बुरशीही अंडी खाते. ट्रायकोडर्मा आणि सुडोमोनास हे मुळाभोवती वस्ती करून रोपाची ताकद वाढवतात आणि सूत्रकृमीची वाट अडवतात.

आता कळीचा प्रश्न. 'जैविक औषध सगळ्या अंड्यांचा नाश करत नाही, मग काय उपयोग?' एक सोपा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. एका मादीच्या अंड्यांपैकी 20 माद्या तयार होतात असं धरा. तीन पिढ्यांत 20, 400, 8000. आता सुरुवातीलाच जोरदार औषधाने 90 टक्के मारल्या आणि पुढे औषधाचा असर संपला, तर शेवटी 800 राहतील. आणि दर पिढीला फक्त निम्मी अंडी खाणारी बुरशी मातीत टिकून राहिली तर? 10, 100, 1000. बघा, निम्म्यावरच हात चालवणारा दुबळा पहारेकरी, पण जागेवर टिकणारा, त्या शूर पाहुण्याच्या जवळपास पोचतो! जैविक कीडनाशकाचं बळ मारण्यात कमी आणि टिकण्यात जास्त आहे.

एवढं पटलं की वापरण्याची रीत आपोआप कळते. टिकायचं तर घर हवं, अन्न हवं, वेळ हवा. म्हणून बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी, की एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात प्रत्येकी दोन किलो जैविक घटक मिसळायचे, सावलीत पंधरा दिवस ओलसर ठेवायचे, मधे एकदा उलथापालथ करायची आणि मग लागवडीआधी शेतात द्यायचं. निंबोळी पेंड दिली तर दुहेरी फायदा. रोपवाटिकेत कोकोपीटमध्येच हे घटक मिसळले तर रोप पहारा घेऊनच शेतात जातं. पिल्लू एकदा मुळात शिरलं की अंडी खाणाऱ्या बुरशीच्या हाती फारसं उरत नाही. म्हणून गाठी दिसल्यावर केलेली धावपळ त्या पिकाला क्वचितच वाचवते.

'आम्ही वापरलं, गुण आला नाही' असं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. तिथेही कारण शोधायचं. पुडा उन्हात पडला होता का? मुदत संपली होती का? पुड्यावर नोंदणी क्रमांक आणि जिवाणू-बुरशीची संख्या, म्हणजे सीएफयू, छापलेली होती का? बुरशी सोडल्यावर दोनच दिवसांत कार्बेन्डाझिमची आळवणी केली का? बुरशीनाशक मित्र-शत्रू ओळखत नाही, बरं का. कोरड्या, तापलेल्या मातीत भर दुपारी टाकलं का?

आणि एकट्या बुरशीवर भार टाकू नये. मेमध्ये खोल नांगरट, ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे अंथरणं, मधल्या हंगामात दाट झेंडू, जुनी गाठाळ मुळं वेचून जाळणं, हे सगळं सोबत हवं. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्य असतं, हे डच संशोधकांनी 1958 मध्येच दाखवलं आहे.

मग समूळ नाश होतो का? नाही. आणि ते उद्दिष्टही नव्हे. सूत्रकृमी असूनही पीक पदरात पडेल इतपत त्यांना आवरणं, हे साध्य आहे. आपल्याला सवय आहे ती एका कारणाला एका उपायाने ठार करण्याची. माती असा व्यवहार जाणत नाही. तिच्यात संख्या असतात, नाती असतात आणि काळ असतो. पुढच्या लागवडीआधी मागच्या पिकाची चार मुळं धुऊन बघा. निर्णय तिथून सुरू करू.