पंख फुटण्याआधीचे आडाखे

कोंबडी साफ करताना छातीच्या पुढच्या टोकाला, मानेच्या मुळाशी, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं एक बारीक हाड हाताला लागतं. दोन बोटांत धरून हलकेच दाबलं तर ते जरासं वाकतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. पक्ष्याची दोन्ही कॉलरबोन जुळून हे हाड बनलेलं असतं. या एवढ्याशा हाडापायी पक्ष्यांच्या उगमाचा शोध चाळीस-पन्नास वर्षं आडवाटेला लागला. त्याला त्या वाटेला लावणारा माणूस विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. तो कोपनहेगनचा एक चित्रकार होता. आणि तरीही, हा सगळा इतिहास वाचून झाल्यावर मला त्या चित्रकाराबद्दल आदरच वाटत आला आहे.

पहिलं उड्डाण कुणी, कसं केलं असेल, या प्रश्नाने गेली दीडशे वर्षं शास्त्रज्ञांना पछाडलंय. पण त्यावर आडाखे बांधणाऱ्यांत दुसऱ्याच क्षेत्रांतली माणसंही पुष्कळ होती. हा मागोवा मुख्यतः त्यांचा आहे.

वादाची सुरुवात १८६१ सालची. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत आधी एक सुटं पीस आणि मग आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा मिळाला. वय सुमारे १५ कोटी वर्षं. पिसांचे पंख पक्ष्याचे, पण दात, बोटांवरच्या नख्या आणि लांब हाडांची शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची. पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं टी. एच. हक्सले यांनी १८६८ सालीच सांगितलं. राहिला प्रश्न उड्डाणाचा. १८७९ साली अमेरिकेच्या सॅम्युअल विलिस्टन यांनी ते जमिनीवर धावताधावता सुरू झालं असं सुचवलं, तर पुढच्याच वर्षी ओथनील मार्श यांनी झाडांवरून उड्या मारताना. ‘जमिनीवरून वर’ की ‘झाडावरून खाली’ हे दोन तट तेव्हा पडले ते पडलेच.

१९०७ साली जमिनीच्या बाजूने एक चक्रम आणि हुशार उमराव उतरला. बॅरन फ्रान्झ नोप्चा हा ट्रान्सिल्व्हेनियाचा जहागीरदार. बहिणीला इस्टेटीवर सापडलेल्या हाडांमुळे त्याला या विषयाचं वेड लागलं. त्याने भूशास्त्रातली डॉक्टरेटही मिळवली, पण संशोधन करायचं ते स्वतःच्या मर्जीने. त्याच्या मते पक्ष्यांचे पूर्वज दोन पायांवर वेगाने धावत, धावताना पुढचे हात वल्ह्यासारखे हलवत, आणि हातांच्या मागच्या कडेचे खवले लांबत लांबत त्यांची पिसं झाली. पिसांबद्दलचा हा अंदाज आज कुणी मानत नाही. पण धावणारा, दोन पायांचा पूर्वज मात्र पुढे खरा ठरला.

झाडाच्या बाजूने आला तो वर उल्लेखलेला चित्रकार, गेरहार्ड हाइलमान. वैद्यकीचं शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलेलं. डेन्मार्कच्या नोटांची नक्षी काढणारा हा माणूस. १९१३ पासून त्याने तिथल्या पक्षिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात पक्ष्यांच्या उगमावर लेखमाला लिहिली. १९२६ साली ती इंग्रजीत पुस्तकरूपाने आली आणि मग अर्धशतकभर तीच या विषयातली शेवटची अधिकारवाणी मानली गेली.

हाइलमानची ताकद त्याच्या कुंचल्यात होती. शब्दांत मोघम बोलता येतं, चित्रात येत नाही. प्राणी काढायचा तर त्याचा घोटा, मनगट, कवटीचं प्रत्येक भोक कुठे येणार हे ठरवावंच लागतं. त्याने आर्किऑप्टेरिक्सची एकेक हाडजोड छोट्या मांसाहारी डायनोसॉरांशी ताडून पाहिली आणि सगळं जुळत गेलं. अडलं ते त्या ‘व्ही’पाशी. डायनोसॉरांत कॉलरबोन नाहीतच, अशी तेव्हाची समजूत होती. उत्क्रांतीत एकदा गेलेला अवयव पुन्हा येत नाही हा बेल्जियमच्या लुई डोलो यांचा नियम त्याला पटलेला होता. मग डायनोसॉरांना कॉलरबोन नसताना त्यांच्या वंशजांना ती आली कुठून? म्हणून प्रामाणिकपणे, स्वतःच जमवलेल्या पुराव्याच्या विरुद्ध जाऊन, त्याने डायनोसॉर बाजूला ठेवले. त्याहून जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांना पूर्वजपद दिलं आणि फांदीवरून फांदीवर झेपावणारा, अर्धवट पिसांचा एक ‘प्रोएव्हिस’ चितारला.

हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीने. हाइलमानचं इंग्रजी पुस्तक येण्याच्या दोनच वर्षं आधी, १९२४ साली, न्यूयॉर्कच्या हेन्री ऑस्बॉर्न यांनी मंगोलियातल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉराचं वर्णन छापलं होतं. त्याच्या सांगाड्यात ते ‘व्ही’ हाड होतं. फक्त ते दुसरंच हाड समजून त्याला दुसरं नाव दिलं गेलं. ते कॉलरबोनचंच आहे हे १९८०च्या दशकात नीट ओळखलं गेलं.

याच काळात, १९१५ साली, न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांची देखरेख करणाऱ्या विल्यम बीब यांनी आणखी धाडसी चित्र काढलं. एका पारव्याच्या कुळातल्या पिल्लाच्या मांडीवर त्यांना पिसांच्या खुंटांची ओळ दिसली. त्यावरून त्यांनी मांडलं की पक्ष्यांच्या पूर्वजांना चार पंख असावेत, दोन हातांना आणि दोन पायांना. हाइलमानने मग कितीतरी पिल्लं तपासली, त्याला ती ओळ आढळली नाही, आणि बीब यांचा आडाखा कपाटात गेला.

त्यानंतरची काही दशकं शांततेची. १९६४ साली मोंटानात डायनॉनिकस सापडला, १९६९ साली येल विद्यापीठाच्या जॉन ऑस्ट्रॉम यांनी त्याचं वर्णन केलं, आणि पक्षी डायनोसॉरांचेच वंशज ही जुनी गोष्ट पुन्हा उभी राहिली. उड्डाणाबद्दल ऑस्ट्रॉम यांनीही एक तर्क केला होता: पिसांचे हात आधी किडे पकडण्याच्या जाळ्यासारखे वापरले जात असावेत. तो फार काळ टिकला नाही. या काळात ग्रेगरी पॉल या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराने छोट्या शिकारी डायनोसॉरांना बेधडक पिसं चढवली. १९८८ सालच्या पुस्तकात तर त्याने, डायनॉनिकसच्या कुळाचे पूर्वज कधीकाळी उडत असावेत असंही लिहिलं. तेव्हा एकाही डायनोसॉराच्या जीवाश्मावर पीस दिसलेलं नव्हतं. ते १९९६ साली दिसलं. चीनच्या लियाओनिंग प्रांतात एका शेतकऱ्याला मिळालेल्या दगडात सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या पाठीवर तंतूंची झालर होती.

हौसेची काळी बाजूही सांगायला हवी. लियाओनिंगच्या दगडांना पैसा मिळू लागला आणि दगड जोडूनजोडून विकले जाऊ लागले. अमेरिकेतल्या एका बाजारात ८०,००० डॉलरला विकत घेतलेला असाच एक जीवाश्म १९९९ साली ‘आर्किओरॅप्टर’ या नावाने एका नामांकित मासिकात झळकला. धड एका पक्ष्याचं, शेपटी एका डायनोसॉराची. शास्त्रीय नियतकालिकात शोधनिबंध येण्याआधीच तो छापला गेला, हे त्या प्रकरणातलं खरं दुखणं. चिनी संशोधक शू शिंग यांनी त्याच शेपटीचा जुळा दगड शोधून ती लबाडी उघड केली. ती शेपटी होती मायक्रोरॅप्टरची.

जानेवारी २००३ मध्ये शू शिंग यांनीच मायक्रोरॅप्टरचे नवे नमुने जगापुढे ठेवले. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा, पाऊण मीटर लांबीचा हा प्राणी. हातांना लांब पिसांचे पंख, आणि पायांनाही! कपाटातलं बीब यांचं चित्र ८८ वर्षांनी बाहेर निघालं. बीब शब्दशः जिंकले असं नाही. मायक्रोरॅप्टर आर्किऑप्टेरिक्सनंतरचा आहे, तो त्याचा पूर्वज असू शकत नाही. पण पायावर लांब पिसं असलेला अँकिऑर्निस पुढे सापडला, तो आर्किऑप्टेरिक्सहून जुना निघाला. २००७ साली मायक्रोरॅप्टरच्या चार पंखांची तुलना दोन मजली पंखांच्या जुन्या विमानांशी केली गेली. ती करणाऱ्यांत एक होते कोलकात्यात शिकलेले शंकर चॅटर्जी, आणि दुसरे जॅक टेम्प्लिन, कॅनडातले निवृत्त विमान अभियंते.

त्याच जानेवारी महिन्यात दुसरीही गोष्ट छापून आली, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. मोंटाना विद्यापीठाचे केनेथ डायल चकोराच्या पिल्लांचं उडणं तपासत होते. पिल्लं काही केल्या नीट उडेनात. तिथल्या एका पशुपालकाने सांगितलं, यांना जमिनीवर राहायला आवडत नाही, चढायला काहीतरी द्या. गवताच्या गाठी ठेवल्या, तर पिल्लं त्यांवर उडण्याऐवजी अपुरे पंख फडफडवत पायांनी पळत चढू लागली. फडफडणारा पंख शरीराला चढावाकडे दाबतो आणि पाय घसरत नाहीत. अर्धाच पंख काय कामाचा, या जुन्या प्रश्नाला इथे जिवंत उत्तर मिळालं. आर्किऑप्टेरिक्सचा खांदा पंख इतका वर उचलू शकत होता का, ही शंका अजून आहेच. पण चकोराची पिल्लं आपल्याला नवी नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ती शरदाच्या चांदण्यातले कोवळे कण टिपताना भेटतात.

आज दोन तटांपैकी एक जिंकला असं म्हणता येत नाही. डायनोसॉरांत उडण्याची क्षमता एकापेक्षा जास्त वेळा आली असावी, असं आता पुष्कळांचं मत आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यी ची’ या डायनोसॉराला तर वटवाघळासारखे पडद्याचे पंख होते.

मग या हौशी आडाख्यांचं मोल काय? माझं मत स्पष्ट आहे. नोप्चा, हाइलमान, बीब, तिघेही कुठे ना कुठे चुकले. पण तिघांनीही इतकं नेमकं मांडलं की कुठलं हाड किंवा कुठलं पीस सापडलं तर त्यांचं म्हणणं खोटं किंवा खरं ठरेल, हे कुणालाही कळावं. एका हाडाने हाइलमान पडला आणि पायावरच्या पिसांनी बीब उभे राहिले. मोघम बोलले असते तर दोघांनाही आज कुणी आठवलं नसतं.

म्हणून एक विनंती. गावी गेलात आणि कोंबडीचं पिल्लू उकिरड्यावर किंवा लाकडांच्या ढिगावर चढताना दिसलं, तर दोन मिनिटं थांबा. पिल्लू किती दिवसांचं, चढ किती उभा, पंख हलले का, आणि हलले तर कधी, एवढं वहीत लिहा. जमेल तसं चित्रही काढा, आणि खाली तारीख घाला.