हाडाशी एकजीव होणारी काच

मोडलेल्या किंवा काढून टाकलेल्या हाडाच्या जागी परका पदार्थ बसवला, की शरीर बहुधा त्याभोवती तंतुमय ऊतीचे आवरण विणते आणि त्याला अलग ठेवते. त्यामुळे इम्प्लांटसाठी शरीराशी कसलीही प्रक्रिया न करणारा पदार्थ उत्तम, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ धारणा होती. ही धारणा काचेने बदलली.

1967 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी हेंच एका परिषदेला बसने निघाले होते. व्हिएतनाम युद्धावरून परतलेला एक लष्करी अधिकारी त्यांच्या शेजारी बसला होता. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही बनवू शकाल का, असे त्याने विचारले. जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागताना त्याने पाहिले होते. हाडातील खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे असते. मग तेच घटक असलेली काच शरीराला परकी वाटणार नाही, असा विचार हेंच यांनी केला. वजनाने 45 टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे प्रत्येकी 24.5 टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड 6 टक्के, अशी ती काच ठरली. 1969 मध्ये तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडांत बसवले. सहा आठवड्यांनी ते हाडातून सुटेनात! हीच ‘बायोग्लास 45एस5’.

खिडकीच्या काचेपेक्षा हिच्यात सिलिका बरीच कमी असल्याने ती शरीरद्रवात सहज विरघळू लागते. प्रथम पृष्ठभागावरील सोडियम बाहेर पडतो आणि तेथे सिलिकाचा जेलसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट जमतात आणि काही तासांतच त्यांचे स्फटिक बनू लागतात. हे स्फटिक हाडातील खनिजाशी इतके मिळतेजुळते असतात, की कोलॅजन या प्रथिनाचे धागे त्यांत गुंततात, अस्थिपेशी तेथे वस्ती करतात आणि नवे हाड काचेला घट्ट धरते.

मात्र काच ठिसूळ असते. म्हणून तिचा पहिला मान्यताप्राप्त वापर 1985 मध्ये भार नसलेल्या जागी, मध्यकर्णातील चिमुकल्या हाडांच्या बदली झाला. आज तिची भुकटी दातांभोवतीच्या झिजलेल्या हाडात भरतात. संवेदनशील दातांसाठीच्या काही टूथपेस्टमध्येही तिचे कण असतात. दातातील सूक्ष्म नलिकांची तोंडे ते बंद करतात.

ठिसूळपणावर एक उपाय काच-सिरॅमिकचा. काच ठरावीक तापमानाला तापवली, की तिच्या आत सूक्ष्म स्फटिक वाढतात आणि तडा सरळ पुढे जाऊ शकत नाही. जपानमधील क्योटो विद्यापीठात तादाशी कोकुबो यांनी 1982 मध्ये अ‍ॅपेटाइट आणि वोलॅस्टोनाइट या खनिजांचे स्फटिक असलेले काच-सिरॅमिक जाहीर केले. त्याचे वाकण्यातील बळ सुमारे 215 मेगापास्कल, म्हणजे मानवी हाडाच्या कठीण कवचाहूनही जास्त आहे. त्यापासून कृत्रिम मणके बनवले गेले. दंतवैद्यकात लिथियम डायसिलिकेटचे काच-सिरॅमिक रुळले आहे. त्याचा निळसर ठोकळा यंत्रावर कोरून दातावरची कॅप घडवतात आणि मग ती भट्टीत तापवतात. भट्टीतून निघताना ती दाताच्या रंगाची आणि कितीतरी मजबूत झालेली असते.

दुसरा उपाय संमिश्र पदार्थांचा, आणि हाड स्वतःच संमिश्र आहे. काँक्रीट दाब सोसते आणि सळया ताण सोसतात, तशीच विभागणी हाडातील खनिज आणि कोलॅजन यांच्यात असते. इम्प्लांटचा धातू ठिसूळ नसला, तरी हाडापेक्षा फार ताठ असतो. बराचसा भार तोच पेलतो आणि शेजारचे हाड काम नसल्याने विरळ होत जाते. म्हणून लंडनमध्ये विल्यम बॉनफिल्ड यांनी पॉलिथिलिनमध्ये हाडातील खनिजाची भुकटी मिसळून ‘हॅपेक्स’ घडवले. शस्त्रक्रियेच्या टेबलाशीच ते चाकूने हवे तसे कापता येते.

खुब्यासारख्या मोठा भार झेलणाऱ्या सांध्यांत आजही मुख्य आधार धातूचाच आहे. एकच पदार्थ सर्व जागांना पुरत नाही. म्हणून हाडात किंवा दातात काही बसवून घ्यायची वेळ आली, तर तो पदार्थ कोणता आणि त्या जागी तोच का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे आणि त्याची नोंद जपून ठेवावी.