किक मारण्याआधी पॉइंट बघा

म्हैसूरच्या कारखान्यातून शेवटची येझदी मोटारसायकल १९९६ साली बाहेर पडली. आज जी जुनी येझदी रस्त्यावर फटफटते आहे, ती बहुधा मालकाच्या चिकाटीमुळे. किक मारून पाय भरून आला, की बहुतेक जण कार्ब्युरेटर उघडायला धावतात. मी आधी पॉइंट, म्हणजे इग्निशन कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, बघतो.

बॅटरी अवघी ६ व्होल्टची, आणि प्लगमध्ये ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या आतल्या जाड तारेतून वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले, की ते क्षणात कोसळतं आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड दाब उठतो. फॅरेडेचं १८३१ सालचं प्रवर्तन ते हेच!

पॉइंटची फट साधारण ०.४ मिमी हवी. कॅमवर घासणारी टाच झिजली, की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगीही उशिरा पडते. गाडी मग चढावर रडते. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, पॉइंट पूर्ण उघडले की फीलर गेज सरकवा. पातं किंचित अडत सरकायला हवं. फट बदलली तर ठिणगीचं टायमिंगही तपासावं लागतं, हे मात्र हमखास विसरलं जातं (मीही विसरलोय).

पॉइंट वारंवार जळत असतील, तर ते घासत बसू नका. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलून बघा.