व्यवसायोपचाराचे पदवी शिक्षण

‘व्यवसायोपचार’ हा शब्द कानी पडताच, अपंगांना शिवणकाम किंवा सुतारकाम शिकविण्याचा हा एखादा वर्ग असावा, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः अंघोळ करणे, धोतर नेसणे, भाकरी थापणे, पाटीवर अक्षर गिरविणे अशी माणसाच्या दिवसाची सारीच कामे येथे ‘व्यवसाय’ या शब्दात येतात. आजाराने वा अपघाताने खंडित झालेली ही कामे रुग्णाला पुन्हा करता यावीत, हे या उपचाराचे प्रयोजन होय. नावामुळे होणाऱ्या गैरसमजापायी विज्ञान शाखेचे अनेक गुणी विद्यार्थी या शिक्षणाकडे वळत नाहीत आणि पक्षाघातातून वाचलेला रुग्ण घरी खाटेवर पडून राहतो.

भारतात या शिक्षणाचा प्रारंभ १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला. जन्माने अमेरिकन व विवाहाने मराठी झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी, वयाची चाळिशी उलटल्यावर फिलाडेल्फिया येथे या विषयाचे रीतसर शिक्षण घेऊन, हे विद्यालय सुरू केले. १९५२ साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. पुढे नागपूर येथेही हे शिक्षण उपलब्ध झाले.

या पदवीसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेतलेले असावे लागतात. आरंभी शरीररचना व शरीरक्रिया, नंतर मानसशास्त्र, अस्थिरोग, मज्जासंस्थेचे विकार, बालरोग व मनोविकार असा क्रम असतो. परंतु या अभ्यासक्रमाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे कामाचे पृथक्करण. भाकरी करण्याचेच उदाहरण घ्यावे. बसताना तोल सांभाळणे, दोन्ही हातांनी पीठ मळणे, तव्याचा दाह बोटांना जाणवणे आणि कोणती कृती कोणत्या कृतीनंतर हे स्मरणात असणे, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या तर भाकरी होते. रुग्णाच्या बाबतीत यांतील कोणता दुवा निखळला, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. कुष्ठरोगाने हात बधिर झालेल्या स्त्रीला चटका कळत नाही, आणि व्यायामाने ती संवेदना परत येत नाही. तिच्या भांड्याला उष्णतारोधक जाड मूठ बसवावी लागते, हातांकडे पाहून काम करण्याची सवय लावावी लागते. असे ज्ञान केवळ पुस्तकातून येत नाही. म्हणूनच रुग्णालयातील प्रत्यक्ष काम व अखेरची आंतरवासिता यांना येथे मोठे महत्त्व आहे.

पदवीनंतर बालरोग, मज्जासंस्था, मानसिक आरोग्य अशा शाखांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. त्यात प्रबंध लिहावा लागतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यांनाही मुंबईच गाठावी लागते असे नाही. बेळगावकडील विद्यार्थ्यांना आपल्याच राज्यात मणिपाल येथे, तर इतरांना केंद्र शासनाच्या कोलकाता, चेन्नई व कटकजवळील ओलटपूर येथील संस्थांत हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली असून व्यवसायोपचाराचा त्यात अंतर्भाव आहे. प्रवेशपरीक्षा व कालावधी यांचे नियम बदलत असल्याने, शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका आणि संस्थेची मान्यता शिक्षकांनी पालकांसमवेत पडताळून पाहावी.