आउटपुट फाइल नेमकी कुठे जाते?

दिल्ली-एनसीआरच्या हवेची आकडेवारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजणी केंद्रांनुसार देतं. 'आनंद विहार, दिल्ली - डीपीसीसी', 'सेक्टर - ६२, नोएडा - आयएमडी', 'आयजीआय एअरपोर्ट (टी३), दिल्ली - आयएमडी' अशी या केंद्रांची नावं. प्रत्येक केंद्राची वेगळी फाइल काढणारं कमांड-लाइन टूल लिहायला घेतलं की सगळं लक्ष सरासरीच्या गणितावर जातं. फाइल कुठे लिहायची हा भाग मात्र तपासलाच जात नाही, आणि आकडे हरवतात ते बहुधा तिथेच.

गैरसमज: नावातला स्वल्पविराम, कंस आणि मोकळी जागा धोक्याची.
वस्तुस्थिती: लिनक्सवर फाइलच्या नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही. कंस आणि मोकळी जागा शेलला नडतात. नाव अवतरणात दिलं की प्रश्न मिटतो. खरा धोका तारखेचा आहे. नावात ०१/११/२०२४ आलं, तर '०१' फोल्डर, त्यात '११' फोल्डर आणि त्यात '२०२४' नावाची फाइल, असा त्याचा अर्थ होतो.

गैरसमज: फोल्डर नसेल तर टूल ते तयार करेलच.
वस्तुस्थिती: 'कर्ल' वेगळा पर्याय दिल्याशिवाय फोल्डर करत नाही, चूक दाखवून थांबतं. 'सीपी' जास्त फसवं. 'नोएडा' फोल्डर नसताना त्यात फाइल कॉपी करायला सांगितली, तर 'नोएडा' नावाची फाइलच तयार होते आणि पुढची कॉपी तिच्यावर लिहिली जाते. शेवटी 'नोएडा/' अशी रेघ दिली असती तर चूक लगेच दिसली असती.

गैरसमज: वाचायची आणि लिहायची फाइल एकच असली तरी चालतं.
वस्तुस्थिती: शेल '>' पाहताच, टूल सुरू होण्याआधी, ती फाइल रिकामी करतं. 'सॉर्ट'चा स्वतःचा आउटपुट पर्याय सुरक्षित आहे, कारण तो आधी सगळं वाचून घेतो. आपल्या टूलने तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावं आणि काम पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव द्यावं.

गैरसमज: नाव २५५ अक्षरांचं असू शकतं.
वस्तुस्थिती: एक्स्ट४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'दिल्ली' या एका शब्दाला १८ लागतात. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून जेमतेम ८५ चिन्हं. मराठीत आणखी एक पेच आहे. 'ग्रॅप' या प्रदूषणविरोधी कृती आराखड्याच्या 'दुसऱ्या टप्प्या'ची फाइल केली, तर त्यातला 'ऱ' एका कोडनेही लिहिता येतो आणि 'र' व नुक्ता अशा दोन कोडनेही. डोळ्यांना फरक दिसत नाही, लिनक्ससाठी मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. मॅकच्या एपीएफएसवर ते एकच नाव धरलं जातं. हा मुद्दा इंग्रजी नावांवर केलेल्या चाचण्यांत कधीच सापडणार नाही, म्हणून खरी मराठी नावं चाचणीत हवीतच.

गैरसमज: 'काम झालं' असा संदेश आला म्हणजे फाइल लिहिली गेली.
वस्तुस्थिती: लिनक्समधल्या /डेव्ह/फुल या फाइलवर आउटपुट पाठवून पाहा. ती कायम 'डिस्क भरली' असंच सांगते. तरीही टूलने शून्य कोड परत केला, तर ते चुकीचं आहे. लिहिण्याची परवानगी नसलेलं फोल्डरही देऊन पाहा, पण ही चाचणी रूट म्हणून चालवू नका: रूटला परवानगीची आडकाठी नसते, आणि अनेक कंटेनर मुळातच रूट म्हणून चालतात.